बौद्धवाडीतल्या रोजच्या साधनेवर माहितीपट कसा करावा

मनाची शांती कॅमेऱ्यात टिपता येत नाही, हे बौद्ध साधनेवर माहितीपट करू पाहणाऱ्याने पहिल्याच दिवशी मान्य केलेले बरे. मिटलेले डोळे, अगरबत्तीचा धूर, समुद्रावरचा सूर्यास्त आणि मागे बासरी एवढ्या सामग्रीवर दहा मिनिटांची फिल्म सहज तयार होते. परंतु त्या माणसाच्या आयुष्यात साधनेमुळे नेमके काय बदलले, याचा पत्ता ती पाहून लागत नाही. दिसते ते माणसाचे वागणे. राग येण्याजोगे काही घडले असता उत्तर देण्यापूर्वी तो किती थांबतो, हातातले काम किती लक्ष देऊन करतो, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्याशी सून कोणत्या आवाजात बोलते, नळावर भांडण जुंपले असता कोण मधे पडते, या गोष्टींचे चित्रीकरण करता येते, आणि माझ्या मते या विषयावरच्या माहितीपटाचा सगळा भार त्यांच्यावरच असायला हवा. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या बौद्धवाड्यांमध्ये, कमी खर्चात आणि दोन-तीन माणसांच्या बळावर असा माहितीपट करू इच्छिणाऱ्यांसाठी पुढील लेखन आहे.

कॅमेरा उचलण्यापूर्वी पाली त्रिपिटकाच्या मज्झिम निकाय या भागातले सतिपट्ठान सुत्त मराठी अनुवादात एकदा सावकाश वाचावे. श्वासापासून आरंभ करून चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे, पुढे आणि मागे पाहणे, हातपाय आखडणे आणि पसरणे, खाणे, पिणे, बोलणे आणि गप्प राहणे या प्रत्येक कृतीत जाणीव ठेवण्यास त्यात सांगितले आहे. चित्रीकरणाची यादी म्हणून याहून चांगला आधार मला ठाऊक नाही, कारण साधना आसनावर संपत नसून दिवसभर चालू राहते, हेच त्या सुत्ताचे म्हणणे आहे आणि तेच पडद्यावर आणायचे आहे.

माणूस, वाडी आणि काळ यांची निवड

‘कोकणातील बौद्ध धम्म’ हा विषय घेऊ नये. तो एका माहितीपटात मावत नाही. एक वाडी, त्या वाडीतली एक किंवा फार तर दोन माणसे, आणि एक वर्षावास, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एका जागी राहण्याचा काळ, एवढी मर्यादा घालून घ्यावी. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा हा तीन महिन्यांचा काळ आपल्याकडे भर पावसाचा असतो आणि अनेक वाड्यांमध्ये याच काळात संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. बाबासाहेबांचा हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, १९५७ साली, इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. आज कोकणातल्या कितीतरी घरांत त्याची मराठी प्रत कापडात गुंडाळून ठेवलेली असते. वर्षावास निवडण्याचा लाभ असा की आरंभ, मध्य आणि समारोप आपोआप मिळतात, आणि त्याच तीन महिन्यांत लावणी, बेणणी आणि शेवटी कापणीची तयारी अशी शेतीची कामेही पुढे सरकत जातात. दिवसभर चिखलात वाकून लावणी केलेली बाई संध्याकाळी हातपाय धुऊन, पांढरी साडी नेसून विहारात येते, तेव्हा साधना आणि संसार यांचे नाते सांगण्यासाठी निवेदनाची गरज उरत नाही.

माणूस निवडताना चांगले बोलणाऱ्याकडे आपला कल जातो, तो आवरावा. कार्यक्रमांत भाषणे करणारे गृहस्थ कॅमेऱ्यासमोरही भाषणच करतात. त्याऐवजी ज्याच्या कामात हातांना सतत लक्ष द्यावे लागते, असा माणूस शोधावा: होडीचे जाळे सांधणारा, एसटीचा चालक, बालवाडीची ताई, काजूच्या कारखान्यातली कामगार. काजूचे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. वाफवून वाळवलेली बी यंत्राच्या दोन पात्यांमध्ये धरायची, पायाने दांडा दाबून पाती कवचात रुतवायची, हाताचा दांडा फिरवून कवच उघडायचे आणि टोचणीने गर अखंड बाहेर काढायचा. कवचातले तेल कातडीला लागले तर उतते, म्हणून बोटांना आधी गोडे तेल किंवा राख चोळलेली असते. पाय जरा लवकर दाबला तर गराचे दोन तुकडे होतात आणि मजुरीचा हिशेब अखंड गरांवर असेल तर तुकड्याचा भाव लगेच घसरतो. असे काम करणारी बाई पहाटे आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचे ध्यान, करत असेल, तर कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर कमी आणि बोटांवर जास्त वेळ ठेवावा. एकाच बैठकीत सलग पंधरा-वीस मिनिटे तेच काम चित्रित केले की त्यात एखादा क्षण असा येतो की शेजारीण काहीतरी टोचून बोलते, हात क्षणभर थांबतो आणि पुन्हा चालू लागतो. तो क्षण ठरवून मिळत नाही. तो यायचा असेल तर आपण तेथे कॅमेरा चालू ठेवून बसलेले असले पाहिजे.

परवानगी

कोकणातल्या बहुतेक वाड्यांचे दोन भाग असतात: एक गावात राहणारा आणि दुसरा मुंबईत. वाडीचा कारभार पाहणाऱ्या समितीचीही गावची शाखा आणि मुंबईची शाखा अशी विभागणी अनेक ठिकाणी आढळते, आणि विहाराच्या बांधकामापासून जयंतीच्या वर्गणीपर्यंतचे निर्णय दोन्हीकडच्या बैठकांत होतात. म्हणून गावच्या अध्यक्षांनी होकार दिला म्हणजे काम झाले, असे धरून चालू नये. मुंबईच्या शाखेची बैठक बहुधा रविवारी असते. तेथे स्वतः जाऊन, ‘जय भीम’ करून, आपण कोण, पैसे कोठून आणले, फिल्म कोठे दाखवणार आणि तिच्यापासून उत्पन्न झाले तर त्याचे काय करणार, हे सरळ सांगावे. हा प्रश्न विचारला जाणारच, आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे, कारण बाहेरून येऊन दलित वस्तीची छायाचित्रे काढून नेणारी आणि पुन्हा तोंड न दाखवणारी माणसे या वाड्यांनी पुष्कळ पाहिली आहेत.

संमतिपत्र मराठीत, एका पानाचे आणि मोठ्या अक्षरांत असावे. ते हातात देऊन सही घेण्यापेक्षा मोठ्याने वाचून दाखवावे आणि ‘यातले काय नको?’ असे विचारावे. एखादीने ‘मला दाखवा, पण आमच्या घरातले नको’ असे सांगितले तर ते पत्रावरच लिहून घ्यावे. मुलांचे चित्रीकरण आईवडिलांच्या लेखी संमतीशिवाय करू नये. अंतिम संकलनाआधी वाडीला फिल्म दाखवण्याचे वचन द्यावे आणि ते पाळावे.

ध्यानकेंद्रांची गोष्ट वेगळी आहे. सत्यनारायण गोएंका यांच्या परंपरेतल्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात साधकांना मोबाइल जमा करावा लागतो आणि आर्य मौन, म्हणजे इतर साधकांशी अजिबात न बोलणे, पाळावे लागते. तेथे कॅमेरा नेण्याचा आग्रह धरू नये. शिबिराला निघतानाची पिशवी आणि परत आल्यावरचा पहिला दिवस, एवढे चित्रीकरण घरीच करता येते आणि तेच अधिक बोलके ठरते. परवानगी मिळण्यास वेळ लागला तर खट्टू होऊ नये. फिलिप ग्रोनिंग या जर्मन दिग्दर्शकाने आल्प्समधल्या मौनव्रती ख्रिस्ती मठाकडे १९८४ साली विचारणा केली होती आणि होकार सुमारे सोळा वर्षांनी आला. त्यातून २००५ साली आलेली ‘इनटू ग्रेट सायलेन्स’ ही फिल्म कृत्रिम प्रकाशाशिवाय आणि निवेदनाशिवाय केलेली आहे. धर्म वेगळा असला तरी शांततेचे चित्रीकरण करू इच्छिणाऱ्याने ती अवश्य पाहावी.

लेण्यांचा उपयोग किती करावा

कोकणात बौद्ध साधनेचे वय दोन हजार वर्षांहून अधिक आहे, आणि या वारशाचा मोह पडणे स्वाभाविक आहे. सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याला, अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे मिळाले आणि तेथला स्तूप भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन करून उजेडात आणला. महाडजवळची गांधारपाले लेणी मुंबई-गोवा महामार्गावरूनच दिसतात. मांदाडच्या खाडीवर कुडा लेणी आहेत आणि दापोली तालुक्यात पन्हाळेकाजी. परंतु लेण्यांची सहल घडवणारी पाच मिनिटे सुरुवातीला जोडली की माणसाची गोष्ट मागे पडते. मी तरी लेणे एकदाच आणि तेही एखाद्या कामाच्या जोडीने दाखवण्याचा सल्ला देईन. भिक्खूंच्या खोलीतला दगडी ओटा आणि बाहेरची पोढी, म्हणजे खडकात कोरलेले पाण्याचे टाके, ही पावसाळ्याचे महिने एका जागी राहण्याची व्यवस्था होती. वाडीतल्या विहाराच्या ओट्यावर पावसातून आलेली माणसे छत्र्या मिटत आहेत, या दृश्याशेजारी त्या ओट्याचे आणि पोढीचे दृश्य अर्थपूर्ण होते. कुड्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याच्या घरातली मुले आहेत. या किनाऱ्यावर धम्म सांभाळणारी माणसे तेव्हाही कामकरी होती, एवढे त्यातून सांगता आले तरी लेण्याने आपले काम केले.

संरक्षित लेण्यांमध्ये चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची आगाऊ परवानगी आणि शुल्क लागते, आणि साध्या ट्रायपॉडसाठीही अडवले जाऊ शकते. ड्रोन उडवायचा असेल तर २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर ते क्षेत्र आधी तपासावे. खरे सांगायचे तर या विषयाला ड्रोनची आवश्यकता क्वचितच असते.

पावसातला कॅमेरा

चांगला मोबाइल, मजबूत ट्रायपॉड आणि स्वतंत्र ध्वनिमुद्रक एवढ्यावर काम भागते. पैसे शिल्लक असतील तर ते कॅमेऱ्यापेक्षा माइकवर खर्च करावेत. फ्रेमचा वेग सेकंदाला २५ आणि शटर एक पन्नासांश ठेवावे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने विहारातली ट्यूबलाइट या मापात लुकलुकत नाही, एरवी चित्रात पट्टे सरकताना दिसतात आणि ते नंतर काढता येत नाहीत.

जांभ्या दगडाच्या भिंती आणि पांढरे कपडे यांची जोडी कॅमेऱ्याला अवघड जाते. भिंत गडद असल्याने मोबाइल आपोआप प्रकाश वाढवतो आणि पांढऱ्या साड्या-सदरे जळून नुसते पांढरे डाग उरतात. चेहऱ्यावर बोट ठेवून फोकस आणि प्रकाश दोन्ही कुलूपबंद करावेत आणि मग कापडाची वीण दिसू लागेपर्यंत प्रकाश थोडा खाली आणावा. सावळ्या चेहऱ्यावरची छटाही त्यातच सांभाळली जाते. विहारात बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर समोर असते, आणि तसबिरीच्या काचेत ट्यूबलाइट तर दिसतेच, शिवाय कॅमेरामागे उभा असलेला माणूसही दिसतो. समोरून न घेता जरा बाजूने, गुडघ्याच्या उंचीवरून दृश्य घ्यावे. वंदनेपूर्वी कोणीतरी ती काच ओल्या फडक्याने पुसते, तगरीची फुले ठेवते, वाऱ्याने विझणारी मेणबत्ती तळहाताच्या आडोशाने पुन्हा लावते. ही तयारी पुरती चित्रित करावी, कारण मन शांत होण्यास सुरुवात बहुतेकांच्या बाबतीत येथेच झालेली असते.

दमट हवा आणि खारा वारा यांच्यापासून साधने जपावीत. गार गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढला तर काचेवर धुके धरते. तो अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा. रात्री सगळे साहित्य सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावे, नाहीतर एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी धरते. वीज जाणार हे गृहीत धरून बॅटऱ्या भरून ठेवाव्यात. वंदना चालू असताना वीज गेली तर चित्रीकरण थांबवू नये. अंधारात गाथा अडखळत नाहीत, आणि मेणबत्तीच्या उजेडात उरलेली संध्याकाळ ट्यूबलाइटच्या उजेडापेक्षा पुष्कळदा सुंदर दिसते.

आवाज

या प्रकारच्या फिल्मचे निम्मे काम आवाज करतो, आणि नवखे निर्माते नेमके त्याच्याकडेच सर्वांत कमी लक्ष देतात. पत्र्याच्या छपराखाली पावसात मुलाखत घेणे व्यर्थ आहे. तोच पाऊस कौलांवर मऊ पडतो, म्हणून कौलारू घराची पडवी शोधावी आणि सर ओसरण्याची वाट पाहावी. किनाऱ्यावर माइकला केसाळ आवरण घालावे. विहारात कर्णा लावण्याची पद्धत असेल तर एका संध्याकाळपुरता तो बंद ठेवण्याची विनंती करावी, कारण कर्ण्यातून आलेल्या आवाजात वीस माणसांचे वीस स्वर एकजीव होऊन सपाट होतात. त्रिसरण आणि पंचशील म्हणताना माइक विधी सांगणाऱ्या बौद्धाचार्यांसमोर ठेवण्याऐवजी मागच्या रांगेतल्या आज्यांजवळ ठेवून पाहावा. त्यांचा थरथरता, किंचित मागे राहणारा आणि तरीही एकही शब्द न गाळणारा स्वर ऐकला की पाठांतराच्या मागची वर्षे कळतात.

प्रत्येक जागेचा निव्वळ आवाज, कोणीही न बोलता, किमान एक मिनिट मुद्रित करावा. विहार, पडवी, स्वयंपाकघर, खाडीचा धक्का, काजूचा कारखाना, सगळीकडे हा आवाज वेगळा असतो आणि संकलनात वाक्यांमधल्या फटी भरण्यास तोच लागतो. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटवर ठेवावे.

मुलाखत

‘ध्यानामुळे तुम्हाला शांती मिळाली का?’ हा प्रश्न विचारू नये. त्याला ‘हो’ याखेरीज उत्तर नाही आणि त्या ‘हो’मध्ये काहीच नसते. ठरावीक प्रसंग विचारावा. ‘आत्या, परवा पाणी वळवण्यावरून बांधावर बोलाचाली झाली, तेव्हा तुम्ही घरी येऊन काय केलंत?’ असे विचारले तर आत्या चूल पेटवल्याचे, चहा न घेतल्याचे, थोडा वेळ मागल्या दारी बसल्याचे आणि मग पुन्हा बांधावर गेल्याचे सांगतील. तिथे जाऊन काय बोललात, हा दुसरा प्रश्न. बसला होतात तेव्हा मनात काय चालले होते, हा तिसरा. साधनेची खरी हकिकत बहुधा तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात येते, आणि पहिल्या दोन प्रश्नांवर घाई केली तर ती कधीच येत नाही.

पाली वाङ्मयातली पुण्ण नावाच्या भिक्खूची कथा या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुनापरांतात, म्हणजे अनेक अभ्यासकांच्या मते सोपाऱ्याच्या आसपासच्या याच किनारपट्टीत, राहायला निघालेल्या पुण्णाला बुद्ध विचारतात की तिथली माणसे तापट आहेत, त्यांनी शिवीगाळ केली तर काय करशील? ती मला हाताने मारत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा, असे मी समजेन, असे तो म्हणतो. हाताने मारले तर? ढेकळे फेकली तर? काठीने, शस्त्राने मारले तर? प्रश्न वाढत जातात आणि पुण्णाचे उत्तर त्याच वाटेने जात राहते. बुद्ध त्याला ‘तुझे मन शांत झाले आहे का’ असे एकदाही विचारत नाहीत; प्रसंग देतात आणि त्यात तो कसा वागेल एवढेच पाहतात. मुलाखत घेणाऱ्याने यातून पुष्कळ घ्यावे.

कॅमेरा लागला की माणसे भाषणाच्या मराठीत बोलू लागतात. आपण कॅमेऱ्याच्या बाजूला, बोलणाऱ्यापेक्षा खाली बसावे आणि हातात काम असू द्यावे: तांदूळ निवडणे, झाप विणणे, मासे साफ करणे, काहीही. गावची बोली येऊ लागली की ती दुरुस्त करू नये आणि मुंबईच्या प्रेक्षकांना समजणार नाही म्हणून पुन्हा बोलायला लावू नये. चाकरमानी प्रेक्षकांना ती उत्तम समजते आणि इतरांसाठी खाली अक्षरे देता येतात. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न न टाकता मनातल्या मनात पाच अंक मोजावेत.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. शांतीविषयी विचारले असता वाडीतली वयस्क माणसे अनेकदा पाण्याविषयी बोलू लागतात. चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी महाडला, म्हणजे याच किनाऱ्यावर झाला. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे मंडणगड तालुक्यात आहे आणि रमाईंचे वणंद दापोलीजवळ. वाडीतल्या आजोबांच्या लहानपणी गावच्या विहिरीवर काय चालत असे, १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेची बातमी गावात कशी आली, घरातले जुने देव नदीत किंवा समुद्रात कसे सोडले, ही हकिकत ‘विषयांतर’ म्हणून कापणारा निर्माता आपल्या विषयाचे मूळच कापतो. एकट्या माणसाला धम्माची गरज नाही, दोन माणसे एकमेकांच्या संबंधात आली की ती टाळता येत नाही, असा विचार बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडला आहे. त्यामुळे येथल्या माणसाला लाभलेली शांती ही ताठ मानेने जगता येण्याची शांती आहे, आणि तिच्यातून अपमानाची व संघर्षाची आठवण वगळली तर उरलेली फिल्म एखाद्या आरामगृहाच्या जाहिरातीसारखी दिसेल. राग, दुःख आणि ध्यान ही तिन्ही एकाच माणसाच्या बोलण्यात आली तर त्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न न करता ती तशीच ठेवावीत.

ध्यानाचे चित्रीकरण

विहारात किंवा घरी कोणी आनापानाला बसत असेल, तर ट्रायपॉड आधीच लावून, मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून, सगळे आवाज बंद करून कॅमेरा सुरू करावा आणि आपणही खाली बसावे. बैठक संपेपर्यंत उठू नये आणि दृश्याची चौकट बदलू नये. झूम तर नकोच. वीस मिनिटांच्या एका स्थिर दृश्यात पाठीचा कणा हळूहळू वाकतो आणि सावरला जातो, मांडीवरचा अंगठा हलतो, बाहेर कोंबडी ओरडते, कोणाला खोकला येतो. त्यातली सलग दोन मिनिटे अंतिम फिल्ममध्ये ठेवण्याचे धाडस करावे. चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊन घेतलेले दृश्य मला या ठिकाणी अनुचित वाटते. ज्याने डोळे मिटले आहेत त्याला आपल्याकडे कोणी पाहत आहे हे कळत नाही, आणि या विश्वासाचा लाभ उठवू नये.

संकलन

सर्व मुलाखती आधी कागदावर उतरवून काढाव्यात आणि संगणकाला हात लावण्यापूर्वी कागदावरच क्रम लावावा. वीस ते पंचवीस मिनिटांची लांबी पुरेशी आहे. तिहार कारागृहातल्या विपश्यनेवर एलोना एरियल आणि आयेलेत मेनाहेमी यांनी १९९७ साली केलेला ‘डूइंग टाइम, डूइंग विपश्यना’ हा माहितीपट ५२ मिनिटांचा आहे, पण त्यात हजार कैद्यांच्या शिबिराची आणि एका मोठ्या कारागृहाची गोष्ट आहे. एका वाडीच्या गोष्टीला तेवढा विस्तार द्यावा लागत नाही. त्यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे साधनेचा परिणाम साधकांच्या आणि त्यांच्याशी रोज व्यवहार करणाऱ्या अधिकाऱ्यांच्याही तोंडून ऐकवणे. वाडीत तसा साक्षीदार म्हणजे सून, नवरा, शेजारीण, सहकारी. ‘आधी कसे होते आणि आता कसे आहेत’ हे त्यांना विचारले तर कधी कधी ‘काही फरक नाही’ असे उत्तर येते. तेही ठेवावे.

पार्श्वसंगीत लावू नये, असे माझे ठाम मत आहे. भीमगीत आवश्यकच असेल तर वाडीतल्या बायकांनी गायलेले आपण मुद्रित केलेले वापरावे आणि गीतकार हयात असोत वा नसोत, हक्क कोणाकडे आहेत ते पाहावे. पाली गाथा सर्वांच्या आहेत, परंतु बाजारात मिळणाऱ्या त्यांच्या ध्वनिफितींवर कंपन्यांचे हक्क असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क टिकतात. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे मूळ इंग्रजी लेखन आता हक्कांच्या मुदतीतून बाहेर आले असले, तरी विहारात वाचला जाणारा मराठी अनुवाद हा अनुवादकाचा असतो आणि त्याचा मोठा भाग फिल्ममध्ये घ्यायचा झाल्यास वेगळी अनुमती लागते. गाथांचा मराठी अर्थ पडद्यावर एकदाच, पहिल्या वेळी, द्यावा.

दाखवणे आणि जपणे

पहिला खेळ वाडीतच करावा. विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर आणि दोन बरे स्पीकर पुरतात. सत्कार आणि भाषणे फिल्मनंतर ठेवण्याची विनंती करावी, म्हणजे लहान मुले झोपण्यापूर्वी सगळ्यांचे पाहून होते. पाहताना कोण कोठे हसले आणि कोठे मान खाली घातली हे अंधारातच टिपून घ्यावे आणि एखाद्याने स्वतःविषयीचे दृश्य काढायला सांगितले तर वाद न घालता ते काढावे. त्यानंतर मुंबईच्या शाखेला, मग इतरत्र. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याखाली प्रमाणपत्र लागते. चित्रपट महोत्सवांना त्यातून सूट मिळवता येते. माहितीपटांसाठीचा मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून चालू आहे आणि अशा लहान फिल्मला तेथे प्रवेशिका पाठवणे योग्य आहे.

फिल्ममध्ये न आलेले चित्रीकरण पुसून टाकू नये. आजी-आजोबांच्या दोन-दोन तासांच्या मुलाखती, विहिरीच्या, दीक्षेच्या आणि जुन्या पंगतींच्या आठवणी यांची किंमत फिल्मपेक्षाही जास्त असू शकते. प्रत्येक ध्वनिचित्रफितीला तारीख, वाडी आणि बोलणाऱ्याचे नाव द्यावे, त्यांच्या तीन प्रती कराव्यात, आणि त्यांपैकी एक तरी कोकणातल्या दमट हवेपासून दूर, मुंबईच्या शाखेच्या कपाटात किंवा क्लाउडवर ठेवावी. ज्या घरातल्या माणसाचा आवाज आहे त्या घराला त्याची स्वतंत्र प्रत पेनड्राइव्हवर द्यावी आणि ती टीव्हीवर चालते की नाही, हे त्यांच्याच घरी बसून एकदा लावून पाहावे.